एकतीस लिटर

दारव्हा
५ सप्टेंबर २०२४

लीला,

पत्र पाहून घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. फोन का करत नाही ते तुला ठाऊकच आहे. फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तुमच्याकडे फोन उचलला की तो लाउडस्पीकरवर. मी विचारतो तुला, उत्तर देते खुशी, मधेच जावईबापू “बाबा, तब्येत काय म्हणते?” म्हणतात, आणि मी “हो हो” करून ठेवून देतो. तुला पुण्याला जाऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत आपण नवराबायको म्हणून चार वाक्यं सलग बोललेलो नाही. म्हणून पत्र.

काम असं की या दिवाळीला घर रंगवायचं ठरवलं आहे. शेवटचा रंग निकिताच्या लग्नातला, त्याला दहा वर्षं झाली. बैठकीच्या भिंतीला टेकलं की सदऱ्याला पीठ लागतं. काळ्या मातीतलं घर, दर उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण यंदा मधल्या खोलीतल्या भेगेत माझं बोट जातं. हबीबभाई पेंटरला बोलावलं. त्याचे गुडघे गेले, तो शिडीवर चढत नाही, माणसं लावतो. चहा पिऊन भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, “भाऊ, पहिले नाप काढा. किती लिटर लागते ते समजल्याबिगर मी डबा खोलत नाही. मागच्या टायमाले किती लागलता ते भाभीले इचारा.”

मला आठवेना. घरात काय किती लागतं हे खातं तुझं. म्हणून विचारतो, मागच्या वेळी एकूण किती रंग लागला होता?

तू जाताना म्हणाली होतीस, खुशी शाळेत जाऊ लागली की येते. मग बंटी झाला, तेव्हा म्हणालीस की तो चालायला लागला की येते. खुशी पहिलीत गेली आणि बंटी आता पळतो असं ऐकतो. मी घाई करत नाही. दिवाळीपर्यंत रंग वाळला पाहिजे, एवढंच.

भगवान


वाकड, पुणे
१३ सप्टेंबर २०२४

निकिताच्या बाबांस नमस्कार.

पत्र मिळालं. जावईबापूंनी खालून आणून दिलं आणि म्हणाले, “आई, तुम्हाला बँकेचं काही आलंय.” माझ्या नावाचं पत्र असू शकतं हे इथे कोणाच्या डोक्यात येत नाही. मी ते भाजीच्या पिशवीत ठेवलं आणि सगळे कामावर गेल्यावर वाचलं.

मागच्या वेळी किती रंग लागला हे मला विचारता? जिनिंगच्या मालकाने उरलेला रंग दिला होता तुम्हाला. निळसर पांढरा, अर्धा ड्रम. तुम्ही तो बैलगाडीवर घालून आणला आणि हबीबभाईच्या माणसांनी पाणी घालत घालत सगळ्या घराला पुरवला. कोणी मोजला होता? आपल्या घराला किती रंग लागतो हे आजपर्यंत कोणीच काढलेलं नाही. टेप घ्या आणि मोजा. प्रत्येक खोलीची लांबी अधिक रुंदी, त्याची दुप्पट, त्याला उंचीने गुणा. दारं-खिडक्या वजा करा. छत वेगळं धरा, त्याला पांढराच लागेल. सातवी पास बाईला एवढं येतं, तुम्ही तर तीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर कापूस तोलत बसलात.

स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूच्या भिंतीवर तेलाचा थर असेल. सोड्याच्या पाण्याने घासून घ्या, नाहीतर रंग धरणार नाही. टेपचं दुसरं टोक धरायला पोळ्यांना येणाऱ्या तानाबाईंना बोलवा, एकट्याने मोजू नका.

महालक्ष्म्या झाल्या. निकिताने ऑफिसातून येताना सोळा भाज्या आणल्या, चिरलेल्या, एकाच पाकिटात. आंबील मात्र मी घरी केली. खुशीने चाखली आणि तोंड वाकडं केलं. तुमची आठवण झाली, तुम्ही तीन वाट्या पिता.

बाकी यायचं पाहू. निकिताला सध्या कामाचा ताण आहे.

लीला


दारव्हा
२० सप्टेंबर २०२४

लीला,

मापं काढली. नीट वाच आणि चूक असेल तर कळव.

बैठक पंधरा बाय अकरा. मधली खोली बारा बाय अकरा. स्वयंपाकघर अकरा बाय नऊ. निकिताची खोली दहा बाय नऊ. उंची सगळीकडे दहा. चारी खोल्यांच्या भिंती मिळून सतराशे साठ चौरस फूट झाल्या. दारं-खिडक्यांचे दोनशे दहा गेले, राहिले पंधराशे पन्नास. हबीब म्हणतो, दोन हात मारायचे तर एका लिटरात पन्नास फूट धरा. मी सवयीप्रमाणे शेकडा पाच कट्टी कापली, राहिले चौदाशे बहात्तर. म्हणजे साडेएकोणतीस लिटर. वीसची एक बादली आणि दहाचा एक डबा आणला की अर्धा लिटर वर उरतो. आहे की नाही चोख?

मोजायला दोन दिवस लागले. टेपचं टोक सुटून येई. एका टोकाला वरवंटा ठेवला, मग जमलं. उंची मोजताना मात्र वरवंटा काय कामाचा! झाडूच्या दांडीला टेप बांधून वर धरला. मान अजून दुखते.

ताना रोज येते, पोळ्या करून जाते. शेजारचे येऊन-जाऊन असतात. माझी काळजी नको.

आता मुद्द्याचं. हबीबने रंगाचं कार्ड दिलं आहे, ते सोबत पाठवतो. त्यात पाचशे रंग आहेत आणि मला त्यातले चारच वेगळे दिसतात. तुला कोणता हवा तो सांग. या वेळी उरलासुरला नको, विकत आणू. तू सांगशील तोच लावू.

भगवान


वाकड
१ ऑक्टोबर २०२४

निकिताच्या बाबांस नमस्कार.

तुमचा हिशेब वाचून मी एकटी बसून हसले. अहो, कट्टी कशाची कापली? ओला कापूस आला तर ओलाव्याची कट्टी कापतात. भिंतीत कोणता ओलावा आणि कोणता कचरा? रंग घ्यायला गेलो की थोडा जास्त घ्यावा, तर तुम्ही भिंतीच कमी करून बसलात. अठ्ठ्याहत्तर फूट कापले म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची जवळपास एक भिंत गेली. पंधराशे पन्नासला पन्नासने भागा. एकतीस लिटर. कमी पडला तर नंतर आणू म्हणाल तर तेही नको, तोच रंग दुसऱ्यांदा मिसळला की फरक पडतो असं निकिता म्हणते. तीस वर्षं लोकांचा माल कमी करायची सवय लागली, ती आता आपल्याच घरावर निघाली.

हसून झाल्यावर पत्र पुन्हा वाचलं आणि वरवंट्यापाशी थांबले. ताना रोज येते तर टेपचं टोक तिने का नाही धरलं? म्हणून मी तिला फोन लावला. ती म्हणाली, “वहिनी, मी त आखाडीपासून कळंबलेच हाव पोराजवळ. दादाले पोया कोन करून देते मले काय मालूम!”

तीन महिने होत आले तिला जाऊन आणि तुम्ही मला एकदाही सांगितलं नाही. उलट पत्रात “ताना रोज येते” असं लिहिता. काहून असं खोटं बोलता? मी दुसऱ्याची आहे का?

रंगाचं कार्ड मिळालं. ते मी दोन दिवस उघडून बसते आहे. सगळे गेले की डायनिंग टेबलवर पसरते आणि खुशीची बस यायच्या आत मिटून ठेवते. मला कोणता रंग आवडतो ते मलाच सांगता येत नाही. पिवळ्यावर बोट ठेवते, मग वाटतं हा तर माझ्या आईच्या आवडीचा. गुलाबी निकिताच्या आवडीचा. हिरवा मला कधी वाईट वाटला नाही, पण वाईट न वाटणं म्हणजे आवडणं नव्हे. साडी घेतानाही मी मळखाऊ बघूनच घेतली. तेव्हा रंगाचं अजून पक्कं करू नका.

लीला


दारव्हा
८ ऑक्टोबर २०२४

लीला,

कट्टीचं मान्य. हबीबला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला खोकला लागला. एकतीस लिटर पक्के.

तानाचंही मान्य. खोटं बोललो. ती गेली तेव्हा वाटलं, तुला सांगितलं तर तू काळजीने येशील. मग वाटलं, सांगूनही आली नाहीस तर? दोन्ही नको म्हणून गप्प बसलो. पोळ्या मी करत नाही. सकाळी भात लावतो, तो संध्याकाळी फोडणी देऊन खातो. दारव्ह्याच्या बाजाराला आता दर आठवड्याला जात नाही. एका माणसाची पावशेर भाजी मागायला लाज वाटते.

शेजारचे येऊन-जाऊन असतात हेही तितकंसं खरं नाही. चंदाबाईंचा मुलगा यवतमाळला घेऊन गेला त्यांना. पलीकडचं घर बंद आहे. मी सकाळी पेपर घेऊन ओट्यावर बसतो. कोणी गेलं तर “राम राम” म्हणतो. काही दिवस तेवढंच बोलणं होतं. कान गेल्याचं एक बरं आहे, घर किती गप्प आहे ते कळत नाही. पण मोजताना कळलं. भिंतीला टेप लावून आकडा मोठ्याने म्हणायचा आणि तो लिहायलाही आपणच. पंधरा म्हणालो आणि आपणच “हो, पंधरा” म्हणालो.

तेव्हा सरळ लिहितो, चार वर्षांत लिहिलं नाही ते. ये. मला तू इथे हवी आहेस. मी निकितालाही पत्र लिहिणार आहे. माझी पोरगी असली तरी तिने आईला अडकवून ठेवणं बरोबर नाही. दोन लेकरं तिची, नोकरी तिची, मग माझ्या घराने का रिकामं राहायचं? तिला हे कोणीतरी सांगितलं पाहिजे.

भगवान


वाकड
१६ ऑक्टोबर २०२४

निकिताच्या बाबांस नमस्कार.

निकिताला काहीही लिहू नका. तिला बोल लावाल तर तो खोटा ठरेल, आणि त्यात चूक माझी आहे.

बंटी जूनपासून पाळणाघरात जातो. खुशीची बस चारला दारात सोडते. एप्रिलमध्येच निकिता म्हणाली होती, “आई, आता तू बाबांकडे जा, माझं मी करते.” तिकीटही बघत होती. मीच म्हटलं, थांब, ऊन उतरू दे. मग म्हटलं, पाऊस होऊ दे. मग महालक्ष्म्या. तिला मी खरं कारण सांगितलं नाही, आणि तुम्हाला मात्र तिचं नाव पुढे करत राहिले. मला अडवलं कोणी नाही. मीच राहिले.

इथे सुखात आहे म्हणून राहिले असं समजू नका. बैठकीतल्या घडीच्या दिवाणावर झोपते. सकाळी तो घडी करून ठेवला की घरात माझं काही दिसत नाही. या घरात माझ्या रंगाची गरज नाही, कारण माझी भिंतच नाही. साडेनऊला सगळे जातात, मग समोरच्या बाल्कनीतले कपडे बघत बसते. लिफ्टमध्ये बाया मान हलवतात. चार वर्षांत मला कोणी नावाने हाक मारलेली नाही, मी खुशीची आजी. तुम्ही “राम राम” म्हणता तेवढंही माझं बोलणं होत नाही. तुमचं पत्र वाचून मी रडले, हे लपवत नाही.

पण इथे सकाळी मी अर्धा तास नुसती बसते. एकेचाळीस वर्षांत असं बसले नव्हते. तिकडे उठल्यापासून “लीला, पाणी”, “लीला, माझा चष्मा”, “लीला, चहात साखर कमी आहे.” तुम्ही कधी हात उगारला नाही, व्यसन केलं नाही, पगार घरात दिला. लोकांना सांगण्यासारखं माझं काही दुःख नाही. म्हणून तर ते मला स्वतःलाही नीट सांगता आलं नाही.

कार्ड समोर घेऊन बसले तेव्हा तो दिवस आठवला. निकिताच्या लग्नाच्या आधी मी चक्कीवरून दळण घेऊन आले, तर घरात शिडी लागलेली आणि स्वयंपाकघराची अर्धी भिंत निळसर झालेली. मी डबा खाली ठेवला आणि माणसांसाठी चहा टाकला. तुम्ही विचारलं नाहीत याचं मला वाईटसुद्धा वाटलं नाही. आता त्याचंच वाईट वाटतं. बासष्ट वर्षांची झाले आणि मला माझा रंग माहीत नाही. तिकडे आले की मी पुन्हा दळणाचा डबा खाली ठेवून चहा टाकणार, याची मला भीती वाटते.

हे फोनवर कधी बोलता आलं नसतं. लिहिलं ते बरं की वाईट ते कळत नाही.

लीला


दारव्हा
४ नोव्हेंबर २०२४

लीला,

उत्तराला उशीर झाला, तो मुद्दाम झाला. तुझं पत्र वाचून मला राग आला. असा राग की चार दिवस मी हबीबला दारातून परत पाठवलं. चार महिने मी भाताला फोडणी देऊन खातो, आणि ही तिकडे आपल्या मर्जीने राहते! निकितावर रागावलो होतो ते सोपं होतं. तुझ्यावर रागवायची मला सवय नाही. तुझ्यावर ओरडायची आहे, पण ते वेगळं, हे मला आता समजलं.

दिवाळी झाली. घर रंगलं नाही. चार पणत्या लावल्या, वाऱ्याने दोन विझल्या, पुन्हा लावल्या नाहीत. पाडव्याला हबीब आला. मलिकाभाभीने चिवडा दिला होता, दिवाळी माझी आणि फराळ त्याच्या घरचा. चिवडा खाता खाता मी त्याला म्हटलं, “हबीब, तू भाभीले कधी इचारलं का, घराले कोनता रंग लावू?”

तो म्हणाला, “भाऊ, चाळीस वर्सं मी लोकायच्या बायकायले इचारून राह्यलो, भाभी कोनता लावू, भाभी कोनता लावू. अन् माह्या घरात जो उरला तो लावला. मलिका आजही त्यावरून बोलते.”

“मंग तू काय म्हंतं तिले?”

“काय म्हनू? आयकून घेतो.”

तो गेल्यावर मी बसून आठवत राहिलो, की तुला मी कधी काय विचारलं. काट्यावर मला माणसाची वजनातली लबाडी पकडता यायची, एवढ्या वर्षांत एकदा तरी विचारलं असेल असं वाटलं. एकच आठवलं. तुला बघायला आलो होतो तेव्हा विचारलं होतं, शिकलीस किती? मग लक्षात आलं, तेही मी नाही, मामाने विचारलं होतं.

माफ कर असं लिहायला मला जमत नाही, पण ते लिहायचं आहे असं समज. पाणी मी आता माझं घेतो. चष्मा दोरी बांधून खुंटीला लावतो. हे तुझ्यासाठी शिकलो म्हणणार नाही, इथे दुसरं कोणी नव्हतं म्हणून शिकलो. पण शिकलो ते आता जाणार नाही.

हबीबने माणसं लावून दोन दिवसांत भेगा भरल्या आणि सगळ्या घराला प्रायमर मारला. “भाऊ, प्रायमर कोन्याई रंगाले चालते,” म्हणाला. घर सध्या नुसतं पांढरं आहे. वहीत एकतीस लिटर लिहिलं आहे, त्याच्यापुढे रंगाचं नाव लिहिलेलं नाही. तू कळवलंस तर लिहीन. नाही कळवलंस तर घर असंच राहील, मी माझ्या मनाने काही लावणार नाही.

भगवान


वाकड
१३ नोव्हेंबर २०२४

निकिताच्या बाबांस नमस्कार.

तुमचं पत्र या वेळी निकितासमोर फोडलं. तिने विचारलं, “बाबांचं?” मी हो म्हटलं आणि वाचून तिच्या हातात दिलं. तिने सगळं वाचलं. मग कितीतरी वेळ बंटीचे कपडे घडी करत बसली, आधीच घडी केलेले. शेवटी म्हणाली, “आई, मला वाटत होतं तुला इथे आवडतं.” मी म्हटलं, मलाही तसंच वाटत होतं.

मी येते आहे. चोवीस नोव्हेंबर, रविवार. ट्रॅव्हल्स सकाळी दारव्ह्याला सोडते. आणि परतीचं तिकीटही मीच काढायला लावलं आहे, आठ डिसेंबरचं. ते पाहून वाईट वाटून घेऊ नका. परतीचं तिकीट हातात असलं तरच मला कळेल की मी तिथे राहिले तर माझ्या मनाने राहिले.

एक गोष्ट कबूल करा. या पंधरा दिवसांत मला “थांब” म्हणू नका, “जा” म्हणू नका. तुम्ही थांब म्हटलंत तर मी थांबेन, मला माझा स्वभाव माहीत आहे. मग ते पुन्हा तुमचंच होईल. मी पांढऱ्या भिंती बघेन, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत कसं येतं ते बघेन. एकेचाळीस वर्षं त्या घरात राहिले, पण ऊन बघायला वेळ नव्हता. रंग सुचला तर सांगेन. नाही सुचला तर आठ तारखेच्या गाडीत बसेन.

स्टँडवर येणार असाल तर स्वेटर घालून या.

लीला


दारव्हा
२२ नोव्हेंबर २०२४

लीला,

तू परवा येणार आणि मी आज पुण्याच्या पत्त्यावर पत्र टाकतो आहे. पोस्टमास्तरांनी पाकीट पाहून विचारलं, “काका, काकू त इकडंच येऊन राह्यल्या ना?” मी म्हटलं, “हो, पन हे तिकडंच जाऊ द्या.” आपल्याकडून पुण्याला पत्र जायला पाच-सहा दिवस लागतात. ते पोचेल तेव्हा तू इथे, या पांढऱ्या घरात असशील. ते तिथे टेबलावर पडून राहील.

पाकिटाच्या मागे निकितासाठी लिहिलं आहे: “निकिता, पाकिटावर आईचं नाव आहे. तू फोडू नकोस. आई आठ तारखेनंतर आली नाही तर हे कपाटात टाकून दे, त्यात कोणाच्या कामाचं काही नाही.”

लीला, तू हे वाचते आहेस म्हणजे तू परत गेलीस.

त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. तू कबूल करायला सांगितलंस ते मी पाळीन. सकाळी माझा चहा मी करीन, तुझाही करीन, साखरेचं तू सांग. मी ओट्यावर बसेन आणि तू कुठल्या भिंतीकडे किती वेळ बघतेस ते बघणार नाही, निदान बघताना दिसणार नाही. आठ तारखेला तुझी पिशवी मी स्टँडवर आणीन, वरच्या फळीवर ठेवीन, पाण्याची बाटली हातात देईन, आणि खाली उतरून उभा राहीन. हे सगळं मी आज लिहितो आहे, पण तू वाचशील तेव्हा ते होऊन गेलेलं असेल. तेव्हा आठवून बघ. गाडी सुरू झाली तेव्हा मी गप्प उभा होतो ना?

तुला वाटलं असेल, याला काही वाटत नाही. किंवा वाटलं असेल, कानात यंत्र घातलेलं नव्हतं. यंत्र घातलेलं होतं. काय म्हणायचं तेही माहीत होतं. पण तुला तुझ्या मनाने जाता यावं म्हणून मी ते म्हटलं नाही. एवढ्या वर्षांत तुला न विचारता मी पुष्कळ केलं, या वेळी तुला न अडवणं तेवढं माझ्या हातात होतं. ते मी केलं असेल, आणि ते मला जड गेलं असेल.

आता तू घरी पोचलीस, दिवाण उघडला असशील, हे पत्र वाचते आहेस. आता माझ्या म्हणण्याने गाडी थांबणार नाही आणि तुझं मनही माझ्याकडे ओढलं जाणार नाही. म्हणून त्या दिवशी स्टँडवर म्हणायचं होतं ते इथे लिहितो.

लीला, थांब.

भगवान